समुद्राखाली तेलाचं तळं नसतं

गेल्या अंकात ओघाओघात मी लिहून गेले की माझी सव्वीस वर्षं समुद्रात तेलाच्या विहिरी खणणाऱ्या रिगवर, विहिरीतून वर येणारा दगडाचा चुरा तपासण्यात गेली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांची पत्रं उरली, त्यांनी राग मानू नये.

समुद्राच्या तळाखाली तेलाचं केवढं मोठं तळं असतं? ते उपसून काढल्यावर जी पोकळी राहते तिचं काय होतं? वरचा समुद्र आत कोसळत नाही का?

हा प्रश्न तिघांनी विचारला आहे, त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत. तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे तेच कामाला लागण्यापूर्वी माझ्याही डोळ्यांसमोर होतं: खाली काळोखी गुहा, तिच्यात काळं तेल डुचमळतंय आणि वरून सोडलेली नळी. तेलाबद्दलचे निम्मे गैरसमज या एका चित्रातून निघतात, म्हणून आधी तेच पुसून टाकू.

एक भाजलेली वीट घ्या आणि पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे येतील, वीट पाणी पिईल. बाहेर काढलीत तर ती जड झालेली असेल, पण तिच्यात पाण्याचं तळं कुठेच दिसणार नाही. पाणी तिच्या कणाकणांमधल्या फटींत शिरलेलं असतं. तेलाचा खडक असाच असतो. मी हातात घेतलेला चांगल्यातला चांगला तेलाचा वालुकाश्म फरशीवर आपटला तर खणखणीत वाजत असे. शंभर भागांत वीस-पंचवीस भाग फटी आणि बाकी सगळी घट्ट वाळू, असा तो खडक. त्या फटी केसापेक्षा बारीक. एका फटीतून दुसरीत जायला वाट असेल तरच तेल हलतं. वाट नसेल तर खडक तेलाने भरलेला असूनही विहीर कोरडीच.

सगळीकडे वालुकाश्मच असतो असंही नाही. मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं ते चुनखडकात. नॉर्वेच्या समुद्रातलं एकोफिस्क १९६९ मध्ये सापडलं ते चक्क खडूत. पूर्वी फळ्यावर लिहायचा खडू ज्या खडकाचा करत, त्याच जातीचा हा खडक. अतिसूक्ष्म समुद्री शैवालांच्या चुन्याच्या चकत्या साचून तो झाला आहे.

आता तळ खचण्याचं. तेल निघालं की त्या फटीत सहसा खालचं किंवा बाजूचं पाणी शिरतं, त्यामुळे पोकळी राहत नाही. शिवाय वरच्या हजारो मीटर थरांचं ओझं मुख्यतः दगडाचे कण पेलत असतात. पण फटीतल्या द्रवाचा दाबही त्या ओझ्याला थोडा खांदा देतो, हे खरं. दाब उतरला की सगळा भार कणांवर येतो. वाळूचे कण बहुधा तो सोसतात. खडू मऊ, त्याला तो सोसवत नाही. एकोफिस्कला नेमकं हेच झालं. १९८४ मध्ये लक्षात आलं की तिथला समुद्रतळ खचतो आहे आणि त्याच्यावर उभे असलेले प्लॅटफॉर्म लाटांच्या जवळ चालले आहेत. १९८७ मध्ये ते पोलादी प्लॅटफॉर्म पायांशी कापून, जॅक लावून सहा मीटर वर उचलले आणि मधे नवे तुकडे जोडले. तेव्हा सर, तुमची शंका अगदी रास्त आहे. तळ खचू शकतो, फक्त गुहेचं छत कोसळावं तसा धाडकन नाही. खडक वर्षानुवर्षं दबत जातो तसतसा तो बसतो.

तेल डायनोसॉरपासून झालं असं आमच्या वर्गात सांगितलं. खरं आहे का? (नववीतली एक वाचक)

नाही. हे तुझ्या बाईंना जरूर सांग, पण प्रेमाने सांग, कारण हा समज जगभर आहे.

तेलाचे पूर्वज डोळ्यांना दिसतही नाहीत. समुद्राच्या वरच्या उजेडाच्या थरात तरंगणारे प्लवक, म्हणजे सूक्ष्म शैवालं आणि त्यांच्यावर जगणारे बारीक जीव. ते मरतात आणि खाली झिरपत राहतात. त्यातले बहुतेक वाटेतच दुसऱ्यांच्या पोटात जातात किंवा कुजून संपतात. तळाशी पोचतात ते थोडे, टिकतात ते त्याहून थोडे. टिकायला तळाच्या पाण्यात प्राणवायू नसावा लागतो आणि वर पटापट बारीक गाळ पडावा लागतो. असं लाखो वर्षं चाललं तर काळ्या चिखलाचा जाड थर होतो. उत्तर समुद्रातल्या बहुतेक तेलाची आई म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा असाच एक काळा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक. त्याचं नाव किमरिज क्ले. डायनोसॉर त्या काळात जमिनीवर फिरत होते हे खरं, पण त्यांचा या तेलात हातभार नाही.

मग तो थर गाडला जातो. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी चढतं. गाळातलं सेंद्रिय द्रव्य आधी केरोजन नावाच्या मेणचट, घट्ट पदार्थात बदलतं. सुमारे ६० अंशांना केरोजन फुटायला लागतं आणि तेल सुटतं. १२०-१५० अंशांच्या पुढे गेलं की तेलाचेही लांब रेणू तुटतात आणि हाती वायू येतो. त्याहून खोल काहीच कामाचं उरत नाही. थर कमी खोल राहिला तर तेल कच्चं राहतं, फार खोल गेला तर करपून वायू होतं. दोन ते चार किलोमीटरची ती पट्टी आणि त्या पट्टीत घालवलेला योग्य तितका काळ, एवढी सगळी गणितं जुळावी लागतात.

तुझ्यासाठी आणखी एक गंमत. आज जिथे समुद्र आहे तिथे तेल झालं तेव्हा समुद्र होताच असं नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, दोन किलोमीटर पाणी आणि त्याखाली सुमारे दोन किलोमीटर जाडीच्या मिठाच्या थराखाली २००६ मध्ये तुपी हे प्रचंड क्षेत्र सापडलं. त्या तेलाची आई तळ्यांमधला गाळ आहे. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून फाटत होत्या तेव्हा मधल्या खळग्यांत तळी साचली होती. नंतर खारं पाणी शिरलं, आटलं, मिठाचे थर बसले, आणि मग महासागर आला. आपण ज्याला समुद्रातलं तेल म्हणतो ते असं तळ्यातलंही असू शकतं. उलट, महासागराच्या मधोमध, जिथे तळाला बेसॉल्ट आणि वर गाळाची पातळ चादर, तिथे आम्ही तेल शोधायला जात नाही. खंडांच्या कडेला, जिथे नद्यांनी किलोमीटर-किलोमीटर गाळ आणून टाकला आहे, तिथे जातो.

वर नुसतं पाणी दिसतं, खाली काही किलोमीटर दगड. तेल कुठे आहे हे कळतं कसं?

आधी ते तिथे कशामुळे थांबतं, ते बघा. तेल पाण्यापेक्षा हलकं. खडकातल्या फटी बहुतेक पाण्याने भरलेल्या असतात, म्हणून सुटलेलं तेल त्यांतून वर वर सरकत राहतं. त्यातलं पुष्कळसं अखेर समुद्रतळातून झिरपून जातं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आजही ते आपोआप वर येऊन पाण्यावर तरंगतं. अडकतं ते तेवढंच, ज्याच्या वाटेत घट्ट शेलचं किंवा मिठाचं झाकण आलं आणि ते झाकण घुमटासारखं वाकलेलं होतं किंवा प्रस्तरभंगाने, म्हणजे थर तुटून सरकल्याने, बाजूची वाट बंद केली होती. आम्ही शोधतो ते हे सापळे. तेल वरून दिसत नाही. दिसतो तो सापळ्याचा आकार, तोही कानाने.

सर्वेक्षणाचं जहाज संथ चालतं. मागे हवेच्या बंदुका असतात. दर दहा-पंधरा सेकंदांनी दाबलेली हवा पाण्यात सुटते आणि ठोका बसतो. तो आवाज खाली जातो, प्रत्येक थराच्या सीमेवर त्याचा थोडा भाग परततो. जहाजाच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबली ओढलेल्या असतात, त्यांत पाण्याखालचे मायक्रोफोन असतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, खडकात त्याच्या दुप्पट-तिप्पट. परत यायला किती वेळ लागला यावरून थर किती खोल हे काढायचं. पण खडकातला वेग आधी माहीत नसतो, तो अंदाजाने धरावा लागतो, आणि अंदाज चुकला की घुमट नसलेल्या जागी घुमट दिसतो. मिठाच्या थराखालचं चित्र तर असं वेडंवाकडं होतं की ते सरळ करायला महासंगणक लागतात.

एका वाचकाने विचारलं आहे की या ठोक्यांनी देवमाशांना त्रास होतो का. होतो. म्हणून अनेक ठिकाणी जहाजावर निरीक्षक ठेवायचा, देवमासा जवळ दिसला तर थांबायचं, आणि सुरुवात हलक्या ठोक्यांनी करून प्राण्यांना दूर जायला वेळ द्यायचा असा नियम आहे. मी हा नियम पाळताना पाहिला आहे आणि तो आणखी कडक असावा असं माझं मत आहे.

इतकं करूनही सापळा रिकामा निघू शकतो. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रातली मकलक विहीर या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आकार मोठा, झाकण दिसत होतं, शेजारी प्रुडो बेचं अवाढव्य क्षेत्र. खडीचं कृत्रिम बेट रचून १९८३ मध्ये विहीर खणली. समुद्रातल्या पट्ट्यांच्या खणण्याच्या हक्कांचा लिलाव धरून खर्च अब्जावधी डॉलरच्या घरात गेला. खाली मिळालं खारं पाणी आणि वाळूवर तेलाचे डाग. तेल तिथे होतं, पण सापळा कधीतरी फुटला किंवा कलला आणि ते निघून गेलं. तो डागाळलेला चुरा ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल त्यांना काय वाटलं असेल, ते मला सांगायला नको.

तुमचं नेमकं काम काय होतं? विहिरीत तेल लागलं हे कसं कळायचं? फवारा उडायचा का?

फवारा उडाला तर तो अपघात. आम्हाला कळायचं ते चिमूटभर चुऱ्यातून.

खणताना पोकळ पाइपातून खाली 'मड' सोडतात. नाव मड असलं तरी तो साधा चिखल नसतो. पाणी किंवा तेल, त्यात बेंटोनाइटसारखी माती, वजनाला बॅराइट, आणि बाकी रसायनं. तो बिटच्या, म्हणजे दगड कापणाऱ्या टोकाच्या, तोंडातून सुटतो, बिटला थंड ठेवतो आणि कापलेल्या दगडाचे तुकडे, आम्ही म्हणायचो 'कटिंग्ज', पाइपाच्या बाहेरच्या बाजूने वर घेऊन येतो. वर थरथरणाऱ्या चाळण्या असतात, शेकर. मड खाली गळतो, कटिंग्ज वर राहतात. दर काही मीटरला तिथून मूठभर उचलायचे, चाळणीत धुवायचे, वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. तीन हजार मीटरवरचा दगड वर यायला तासाच्या वर वेळ जातो. म्हणजे तुम्ही हातात धरलेला दगड आत्ता कापला जाणारा नसून तासापूर्वीचा असतो. हा हिशेब चुकला की सगळं चुकलं.

मग काळोख्या खोक्यात अतिनील दिवा लावायचा. तेल त्या उजेडात चमकतं. जड तेल तपकिरी-नारिंगी, मध्यम पिवळं, हलकं निळसर पांढरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काजव्यांनी भरलेलं झाड आठवलं होतं. त्या चमकेवर माझा इतका जीव जडला की तिसऱ्याच विहिरीवर तिने मला फसवलं.

रात्रपाळी होती. चुऱ्यात सुरेख पिवळसर चमक दिसली आणि मी वरिष्ठांना उठवलं. नियम असा की चमकणाऱ्या कणावर विद्रावकाचे दोन थेंब टाकायचे. तेल असेल तर कणातून धुरासारखे दुधट-निळे पदर सुटतात. विद्रावकाची बाटली रिकामी होती. नवी आणायला खालच्या भांडारात जावं लागलं असतं, आणि मी गेले नाही. माझ्या शब्दावर खणणं थांबलं, गाभ्याचा अखंड नमुना काढायचं अवजार खाली गेलं. वर आला तो कोरडा चुनखडक, कॅल्साइटच्या शिरांनी भरलेला. कॅल्साइट आपणहून चमकतं. रिगचा एक अख्खा दिवस वाया गेला होता. वरिष्ठांनी मला एक शब्द सुनावला नाही. त्यांनी नवी बाटली आणली, त्या शिरेचा कण काचेवर ठेवला आणि थेंब टाकायला मला सांगितलं. थेंब स्वच्छ राहिला. आम्ही दोघं बराच वेळ त्या थेंबाकडे बघत होतो. पुढच्या सगळ्या वर्षांत ती बाटली माझ्या टेबलावर कधी रिकामी राहिली नाही.

चुऱ्यासोबत वायूही बोलतो. मडमधून सुटणारा वायू यंत्रात जातो आणि त्यात मिथेन किती, इथेन, प्रोपेन, ब्युटेन किती हे कागदावर उमटतं. नुसतं मिथेन असेल तर कोरडा वायू, जड भाऊबंद वाढत गेले की तेलाची आशा. शेवटी विहिरीत तारेवर यंत्रं सोडून खडकाचा विद्युतरोध, किरणोत्सर्ग, घनता मोजतात. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. एवढ्या साध्या फरकावर १९२७ मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनला श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी विहिरीचं पहिलं विद्युत-मापन केलं, आणि आजही पहिली नजर त्याच रेषेवर जाते.

भोक पाडल्यावर समुद्राचं पाणी आत का जात नाही?

विहीर समुद्राला उघडी नसते. वरचा भाग केसिंग, म्हणजे भोकात बसवलेले पोलादी नळ, आणि सिमेंटने बंद केलेला, त्यावर समुद्रतळापासून रिगपर्यंत वेगळी नळी. आत असतो तो मड.

खरी भीती उलट बाजूची. खडकातल्या द्रवावर दाब असतो. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक वातावरण, म्हणजे आपल्यावर हवेचा असतो तेवढा दाब, धरा, तीन हजार मीटरवर तीनशे होतात, आणि काही थरांत याहून कितीतरी जास्त दाब कोंडलेला असतो. मडच्या स्तंभाचं वजन त्याला दाबून ठेवतं. मड हलका पडला तर खडकातला वायू विहिरीत शिरतो, त्याला 'किक' म्हणतात. वर येताना दाब उतरतो तसा तो वायू फुगत जातो. मड फार जड केला तर खडकच तडकतो आणि मड त्यात निघून जातो. या दोन कडांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने खणायचं असतं.

किकची पहिली खूण फार साधी आहे. जितका मड खाली गेला त्याहून जास्त परत येतो, टाकीतली पातळी चढते. माझ्या खोलीत त्या पातळीची रेघ दिवसरात्र चालू असे. एका पहाटे ती बोटभर चढली. मी फोन उचलून ड्रिलरला सांगितलं, त्याने पंप बंद केले, तरीही विहीर वाहत होती. त्याने बीओपी मिटवला. बीओपी म्हणजे विहिरीच्या तोंडावरचे पोलादी जबडे. पुढचे अठरा तास जड मड हळूहळू भरत वायू बाहेर काढला. कोणाला खरचटलंही नाही. अशा रात्री बातमीत येत नाहीत.

बातमीत आली ती २० एप्रिल २०१०ची. मेक्सिकोच्या आखातात, सुमारे १,५०० मीटर पाण्यात, मकोंडो विहिरीवर डीपवॉटर होरायझन रिग होती. विहीर तात्पुरती बंद करायची म्हणून वरचा जड मड काढून जागी समुद्राचं पाणी भरत होते. सिमेंट धरतं आहे का हे बघायच्या दाब-चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला. त्या दिवशी मड बाजूच्या जहाजावरही उतरवत होते, त्यामुळे टाकीची पातळी वाचणं अवघड झालं होतं. ती रेघ मी इतकी वर्षं पाहिली आहे म्हणून हे वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. ११ माणसं गेली. विहीर ८७ दिवस वाहिली. गळतीवर झाकायला पाठवलेला पहिला पोलादी घुमट बर्फासारख्या खड्यांनी तुंबला. थंड पाण्यात, दाबाखाली वायू आणि पाणी एकत्र आले की हे हायड्रेटचे खडे होतात. समुद्रातल्या नळ्यांतही ते होतात, म्हणून तिथे मिथेनॉल किंवा ग्लायकोल सोडत राहावं लागतं.

तेल लागल्यावर ते सगळंच्या सगळं निघतं का? आणि एवढे मोठे प्लॅटफॉर्म खोल पाण्यात उभे कसे राहतात?

सगळं कधीच निघत नाही. परत विटेकडे जा. ती भिजलेली वीट कितीही झटका, ओलीच राहते. जगभरची सरासरी धरली तर खडकातलं साधारण एक तृतीयांश तेल हाती लागतं. सुरुवातीला आतला दाबच तेल वर ढकलतो. तो उतरला की बाजूच्या विहिरींतून पाणी किंवा वायू आत दाबतात. तेलाच्या स्तंभात वायू सोडून तो हलका करतात, म्हणजे तो चढतो. एकोफिस्कला १९८७ पासून समुद्राचं पाणी मोठ्या प्रमाणात आत दाबायला लागले आणि हाती येणारं तेल अंदाजाच्या कितीतरी पुढे गेलं. पण म्हाताऱ्या क्षेत्रात तेलापेक्षा पाणीच जास्त वर येतं. प्लॅटफॉर्मवरच्या मोठ्या पिंपांत तेल, वायू, पाणी वेगळं करायचं, पाणी साफ करायचं, यातच निम्मं काम जातं.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. जमीन दिसणार नाही इतक्या दूर पहिली यशस्वी विहीर १९४७ मध्ये लुइझियानाच्या समुद्रात झाली, पण तिथे पाणी सहा मीटरही खोल नव्हतं. १९९५ मध्ये नॉर्वेने ट्रोल ए हा ४७२ मीटर उंचीचा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म उभाच्या उभा समुद्रातून ओढत नेला आणि सुमारे ३०० मीटर पाण्यात टेकवला. त्याहून खूप खोल गेलं की पाय टेकवण्यात अर्थ राहत नाही. मेक्सिकोच्या आखातातला पर्डिडो सुमारे २,४५० मीटर पाण्यावर तरंगतो, दोरखंड आणि साखळ्यांनी तळाला बांधलेला. तिथे विहिरींची तोंडं समुद्रतळावरच असतात आणि दुरुस्तीला रोबो जातात.

माझ्या मुलाला रिगवर नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात जायचं आहे. मला रात्री झोप येत नाही. पाठवू का?

ताई, तुमचं पत्र मी चारदा वाचलं. काळजी करू नका असं मी लिहिणार नाही. काम धोक्याचं आहे. मी सव्वीस वर्षं गेले आणि परत आले, आणि माझ्यासोबतचे जवळजवळ सगळेच परत आले, हेही तितकंच खरं आहे.

धोका कुठून येतो हे मात्र तुम्हाला सांगते, म्हणजे मुलाशी नेमकं बोलता येईल. ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली. तिथे ना वादळ होतं, ना खडकाने दगा दिला. दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि उघड्या तोंडावर नुसती चकती बसवली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला. व्हॉल्व्ह काढल्याची माहिती रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. त्यांनी पहिला पंप सुरू केला. चकतीतून वायू गळला आणि पेटला. आग विझवणारे पंप हाताने सुरू करायच्या स्थितीत होते, कारण पाण्यात पाणबुडे उतरत असत आणि ते पंपांच्या ओढीत खेचले जाण्याची भीती असे. शेजारचे प्लॅटफॉर्म त्याच जाळ्यात तेल-वायू ढकलत राहिले. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. तुमचा मुलगा आज जे सुरक्षा-प्रशिक्षण घेईल, पाण्यात बुडवलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडायला शिकेल, कामाच्या परवान्यावर, म्हणजे कुठे कोणतं काम चालू आहे त्याच्या लेखी नोंदीवर, सही करेल, त्यातलं बरंचसं अशाच अपघातांनंतर कडक झालं आहे.

तेव्हा पाठवा, पण त्याला माझे हे निरोप द्या. पाळी बदलताना आधीच्या माणसाकडून तोंडी ऐकून गप्प बसायचं नाही. कोणता परवाना उघडा आहे, काय काढून ठेवलं आहे, ते त्याच्यासोबत चालत जाऊन डोळ्यांनी बघायचं. दमलेला असताना कठड्यावरून वाकायचं नाही. पहिल्याच दिवशी आपल्या खोलीपासून जीवनरक्षक बोटीपर्यंतची वाट डोळे मिटून दोनदा चालायची, पायऱ्या मोजत, कारण धुरात दिसत नाही. आणि काही खटकलं तर काम थांबवायचा हक्क सगळ्यात नव्या माणसालाही असतो. तो वापरायला घाबरायचं नाही. कोणी चिडलं तर चिडू द्यायचं.

तो पहिल्या पाळीवरून आला की मला पुन्हा पत्र लिहा. वाट बघते.